कोंढेवाडीची सरकारी पेटी

गुरुवार, १७ फेब्रुवारी १९४४. संध्याकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मुरबाड तालुक्यातली कोंढेवाडी, चावडीची ओटी. वेळ मी स्वतःच्या घड्याळात पाहिली आहे. युद्धामुळे सरकारनं घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, म्हणून सात वाजून गेले तरी डोंगरामागे उजेड होता.

भुताखेतांवर मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही; लिहिणाऱ्यांची टर मात्र भरपूर उडवली आहे. तेव्हा आधी मी, एक वर्तमानपत्रवाला, तिथे का गेलो होतो ते ऐका. दहा वर्षांपूर्वी सरकारनं खेड्यांत रेडिओ बसवले. लोखंडी पेटी, तिला कुलूप, वर लाखेचं सील. आतलं घड्याळ साडेसातला मुंबई केंद्र लावी आणि साडेआठला बंद करी. बाजारभाव, हवामान, भजन. गावानं पेटीला हात लावायचा नाही. गावाच्या नावानं आणलेल्या वस्तूवर गावाचाच भरवसा नाही! बॅटरी पंधरा दिवसांनी कल्याणहून भरून यायची. पेट्रोल लष्कराकडे गेलं, लॉरी थांबली, पेट्या मुक्या झाल्या. त्यावर खरमरीत लिहायचं म्हणून मी बॅटऱ्या बदलणाऱ्या केरू मिस्त्रीच्या बैलगाडीत, नव्या बॅटरीशेजारी बसून आलो होतो.

जुनी बॅटरी मिस्त्रीनं एकोणीस दिवसांपूर्वीच काढून नेली होती. तरी माणसं जमली होती. गावकरी ओटीवर, कातकरी खाली अंगणात, रोजच्यासारखी.

"बंद पेटीपुढं काय ऐकता रे?" मी विचारलं.

"पेटीतला मास्तर रजेवर गेलाय," अंगणातून एक जवान गडी म्हणाला. "आला तं जागा नको का गावायला?"

सगळे हसले. तो जाणू. डाव्या हाताची दोन बोटं कोयत्यानं गेलेली. उरलेल्या बोटांत त्यानं विडी धरली होती. शेजारी त्याची बहीण ठकू. ती हसली नाही. तिचा नवरा पोश्या आणि पाड्यावरचे आणखी सहा जण तानसाच्या रानात कोळशाच्या भट्ट्यांवर गेले होते. पेट्रोल नाही म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत होत्या, आणि ठेकेदाराला माणसं कमी पडत होती. महिनाभर सातही जणांचा पत्ता नव्हता.

"पळाले साले," ओटीवरून ठेकेदाराचा लडकू मुकादम म्हणाला. "जाणू, उद्या उजाडताच तू चल. नाय आलास तर पाडा मोडू. जागा ठेकेदाराची हाय."

ठकू माझ्याजवळ सरकली. "पोश्या मला सांगितल्याबिगर नदीवरबी जात नव्हता, दादा. तुमी कागदात लिवता ना? जाणूला नेऊ नका म्हून लिवा. मला येकच भाऊ हाय."

"छापून यायला चार दिवस लागतात, बाई," मी म्हणालो. या वाक्याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात पेटीत खट्ट वाजलं. साडेसात.

मिस्त्री उठून उभा राहिला. "बॅटरी… बॅटरी गाडीतच हाय, साहेब."

आधी घरघर आली. मग ओल्या लाकडाच्या धुराचा वास. मग नेहमीचा स्वच्छ, शहरी आवाज. त्यानं भाताचा भाव सांगितला, गुळाचा सांगितला, आणि सूर जराही न बदलता म्हणाला, "तानसा. भट्टी तिसरी."

आणि नावं वाचू लागला. दर नावानंतर माती ढासळल्यासारखा आवाज. तिसरं नाव पोश्याचं होतं. ठकू रडली नाही. तिनं भावाचं मनगट पकडलं. मी वहीत उतरवत गेलो. सात झाली. बराच वेळ नुसती माती ढासळत राहिली. मग…

"जाणू."

"मी… मी हितं हाय रे," जाणू पेटीला म्हणाला.

खट्ट. शांत.

मिस्त्रीनं सील तोडलं. आत दोन मोकळ्या वायरी लोंबत होत्या. लोखंड इतकं तापलं होतं की त्याचा हात पोळला. लडकू मुकादम ओटीवर नव्हता. तो पुन्हा कोंढेवाडीत आलाच नाही. रात्रभर ठकूनं भावाचं मनगट सोडलं नाही. उजाडलं तरी जाणू भट्टीवर गेला नाही.

मी गेलो. नऊ दिवस दारं ठोठावली, भांडलो, सात नावं मामलेदार साहेबाच्या टेबलावर आपटली. आठवं नाव मी सांगितलं नव्हतं. शेवटी शनिवारी तिसरी भट्टी उकरली. ती पेटती असताना खचली होती, आणि आत पडलेल्या माणसांवर वरून माती लोटलेली होती.

आठ देह निघाले.

सात कोळसा झाले होते. पोश्या ठकूनं करगोट्यातल्या पितळी कडीवरून ओळखला. आठवाही तसाच, फक्त एक हात मातीत रुतल्यानं जळला नव्हता. डावा हात. दोन बोटं नव्हती, आणि जखम कित्येक वर्षांपूर्वी भरलेली होती. जाणू माझ्या शेजारी उभा होता. त्यानं आपला डावा हात काखेत घातला आणि घरी पोचेपर्यंत बाहेर काढला नाही.

पंचनाम्यात साहेबानं 'सात' लिहिलं.

"आठ आहेत. मोजा," मी म्हणालो.

"कामावर सात होते," तो म्हणाला. "मग आठ कसे निघतील?"

मी सही केली नाही. त्या कागदावर माझी जागा अजून कोरी आहे. जाणू आज पाड्यावर धडधाकट आहे. आणि तानसाच्या रानात मूठमातीचे आठ खड्डे आहेत.