पाचशे किलोमीटरनंतर ये

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते फक्त घोट्यापर्यंत. ती एका टेम्पोखाली उताणी पडली होती, गिअरबॉक्सचं तेल कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि डोक्याशी चिखलाने माखलेले दोन बूट येऊन उभे राहिले. एकाची नाडी सुटलेली.

"मिस्त्री आहेत का?" बुटांनी विचारलं.

"आहेत."

"कुठे दिसत नाहीत..."

"जरा खाली बघा. आणि ती नाडी बांधा, नाहीतर मिस्त्रीच्याच अंगावर पडाल."

बूट चपापून मागे सरले. मग गुडघे वाकले आणि एक उलटा चेहरा दिसला — पावसाने कपाळाला चिकटलेले केस, आणि हसू दाबायचा अगदीच फसलेला प्रयत्न.

"म्हणजे... तुम्ही मिस्त्रीण?"

"मिस्त्रीण म्हणजे मिस्त्रीची बायको. मी मिस्त्री. काम काय आहे?"

काम बाहेर रस्त्यावर भिजत उभं होतं. ट्रॅक्टरला दोराने बांधून ओढत आणलेली एक जुनी पिकअप. रंग मूळचा निळा असावा, एवढं दाराच्या आतल्या बाजूवरून कळत होतं. इंजिन जाम, रेडिएटरापाशी उंदरांचा संसार, आणि मागे हौद्यात मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या. त्याचा मधाचा धंदा. वर डोंगरात तो आणि त्याची आई, दोघंच राहायचे. वडील गेले तेव्हापासून त्यांची ही गाडी पत्र्याखाली पडून होती. पण फुलोरा जिकडे असेल तिकडे पेट्या हलवायच्या, तर गाडीवाचून धंदा बसल्यात जमा होता.

"नवी घ्या," ती म्हणाली. हे ती सगळ्यांनाच आधी सांगायची, आणि जे ऐकत नसत त्यांचंच काम घ्यायची.

"बाबांची आहे," तो म्हणाला. "आणि मला नुसती टाकून जायचं नाहीये. मला हात लावायचाय. शिकवाल?"

गिऱ्हाईक इंजिनात हात घालणार म्हणजे पाहुण्याने चुलीपाशी येऊन फोडणी देण्यासारखं. ती 'छे' म्हणणारच होती, पण दारापाशी खुर्चीत बसलेल्या तिच्या बाबांनी डाव्या हाताचा अंगठा वर केला, आणि विषय संपला.

ह्या अंगठ्याबद्दल सांगायला हवं. गॅरेज बाबांचं. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचा उजवा हात नेला आणि अर्धी जीभ नेली. कान मात्र शाबूत राहिले. रस्त्यावरून गाडी गेली की तिच्या इंजिनाची कुठली झडप, कुठला वॉल रुसलाय ते त्यांना बसल्या जागी कळायचं. काम पूर्ण झालं की लेक इंजिन सुरू करायची आणि बाबांकडे बघायची. अंगठा खाली, तर पुन्हा उघडा. अंगठा वर, तर गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली. जीभ धड होती तेव्हा ते सगळ्या गल्लीला सांगत, "गिऱ्हाईक परत आलं नाही, की समजायचं मिस्त्रीने काम चोख केलं." आता हेच वाक्य ते हप्त्याहप्त्याने म्हणत.

मधवाला रोज दुपारी येऊ लागला. इंजिन चेन ब्लॉकने उचलून बाहेर काढलं, सुटं केलं, रॉकेलने धुतलं. पहिल्या आठवड्यात त्याने तीन बोटं सोलून घेतली, आणि प्रत्येक वेळी असा काही विव्हळला की समोरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातल्या मावशी काउंटर सोडून बघायला आल्या.

"पोळ्यात उघडा हात घालतोस ना?" तिने पट्टी बांधताना विचारलं. "मग इथे कसला रडतोस?"

"माश्या आधी गुणगुणतात तरी. काही लोक थेट डसतात."

"मग नको येऊस."

"डसलं तरी मध सोडतं का कोणी?"

ती पट्टीची गाठ नको तितकी आवळून मोकळी झाली. कान तापले होते. बरं झालं, तिथे ग्रीस लागलेलं होतं.

क्रँक बसवायच्या दिवशी त्याने बेअरिंगवरची लोखंडी कॅप उचलली आणि खुशाल शेजारच्या जागेवर ठेवली. तिने त्याच्या मनगटावर पान्यानेच टिचकी मारली.

"इथे याची टोपी त्याच्या डोक्यावर चालत नाही. नीट बघ, प्रत्येकीवर खूण आहे. जी जिथली, ती तिथेच बसते."

"आणि बदलली तर?"

"फिरेल थोडा वेळ. मग जाम."

तो कॅप हातात घेऊन खुणेवरून बोट फिरवत राहिला. "माझ्यावर पण असेल का गं अशी खूण... मी कुठला आहे त्याची?"

'अहो'वरून 'अगं'वर गाडी कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं.

"असेल. आधी ते तोंडावरचं काळं पूस, मग दिसेल."

वॉल घासायचं काम मात्र तिने त्याला एकट्याला दिलं नाही. त्यात घाई चालत नाही. लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी फिरवायची, जोर न लावता, वॉल जिथे टेकतो ती बसण आरशासारखी होईपर्यंत. त्याचा हात जड पडत होता. शेवटी तिने आपले तळवे त्याच्या हातांवर ठेवले आणि वेग दाखवला. पत्र्यावर पाऊस कोसळत होता, बोलायचं तर कानाशी यावं लागलं असतं, म्हणून दोघंही बोलली नाहीत. वॉल केव्हाच घासून झाला होता. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, झोप आली नसताना.

आणि मग एके सकाळी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, काळा धूर सोडत राहिलं, आणि मग असं संथ लागलं की मावशींनी दुकानातून टाळ्या वाजवल्या.

"झालं!" मधवाला ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते. वडिलांच्या गाडीचा आवाज तो किती वर्षांनी ऐकत होता.

"झालं नाही," ती म्हणाली. "सुरू झालंय नुसतं."

तिने बाबांकडे बोट दाखवलं. त्यांचा अंगठा वरही नव्हता, खालीही नव्हता, आडवा होता. दोघं बाप-लेक ह्या बाबतीत एकाच साच्यातली. रिंगा नव्या, गॅस्केट नवं. इंजिन तापतं, थंड होतं, गॅस्केट दबतं, आणि हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचे, बोल्ट केसभर सैल पडतात. पाचशे किलोमीटर हळू चालवायची, मग परत आणायची आणि इंजिन थंड असताना हेड पुन्हा आवळायचं. त्याआधी ह्या गॅरेजात 'झालं' हा शब्द कोणी उच्चारत नसे.

त्याने इंजिन बंद केलं. एकदम केवढी शांतता पसरली. तो स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता, आणि ती खिडकीशी.

"माझ्याबरोबर येशील?" त्याने विचारलं. "म्हणजे... कायमची. बाबांनाही घेऊन. घर मोठं आहे, मोकळं आहे. आईला विचारलंय मी."

तिला 'हो' म्हणायचं होतं. आतून, पोटातून म्हणायचं होतं. पण ती मिस्त्रीची लेक. नव्याने जोडलेल्या कशावरही पहिल्या दिवशी विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलं होतं. शिवाय बाबांना हे गॅरेज सोडायला सांगायचं कोणत्या तोंडाने?

"पाचशे किलोमीटरनंतर ये," ती म्हणाली. "हेड आवळते... आणि मग सांगते."

"आत्ता का नाही?"

"आत्ता सगळं तापलेलं आहे रे. जरा बसू दे."

तो हसला, मान डोलावली, निघाला. तो गाडीत चढताना तिने पाहिलं होतं, त्याच्या बुटाची नाडी पुन्हा सुटली होती. ती काही बोलली नव्हती.

सुरुवातीला तिला फोनवर नुसते आकडे यायचे. 'साठ.' 'एकशे दहा.' 'दोनशे पाच, आणि आज चढावर गाणं म्हणत गेली.' ती प्रत्येकाला एकच उत्तर द्यायची, 'हळू चालव,' आणि फोन छातीशी धरून जरा वेळ उगाच उभी राहायची. साडेतीनशेच्या पुढे आकडे थांबले. पेट्या हलवायचा मोसम संपला असेल, गाडी उभी असेल, असं तिने धरलं. आपणहून विचारायचं म्हणजे... छे! जीव गेला तरी तिने विचारलं नसतं.

"मधाचं बोट लावून गेला तो," मावशी म्हणाल्या. "बस आता चाटत."

"येईल. हेड आवळायचंय त्याला."

मधल्या काळात तिने एकच शहाणपणा केला. एका संध्याकाळी बाबांना भरवताना धीर करून सगळं सांगितलं. बाबांनी डाव्या हाताने घास बाजूला सारला. मग अर्ध्या तोंडाने हसले.

"मला... काय... विचारतेस? चेन ब्लॉक... घे... सोबत. डोंगरातही... गाड्या... बिघडतात."

ती त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या दिवसापासून आवराआवर सुरू झाली. गॅरेज चालवायला मावशींचा भाचा तयार झाला. भिंतीवरचे पाने उतरून खोक्यांत गेले. रिकामे खिळे आणि पान्यांच्या आकाराचे पांढरे डाग तेवढे राहिले.

एका सकाळी वळणापलीकडे आवाज आला. दिसायच्या आधीच तिने ओळखला. तिने हात धुतले, पुन्हा धुतले, नखं ब्रशने घासली, आणि मग आपल्याच वेडेपणाला हसून पुन्हा ग्रीसच्या डब्याशी जाऊन उभी राहिली.

मधवाला उतरला. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. त्याने शेडभर नजर फिरवली.

"हे काय, खोकी? कुठे चाललात?"

"कुठे नाही," ती डोळ्यांत खोडकरपणा आणून म्हणाली. "शेडला रंग द्यायचाय." खरं काय ते हेड आवळल्यावर सांगायचं, हे तिने रात्ररात्र घोकून ठेवलं होतं.

इंजिन गरम होतं. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. ती बॉनेट उघडून बसली, अधूनमधून ब्लॉकला तळवा लावून बघत होती. दोघांनी चहा घेतला. तो फार बोलत नव्हता, तिच्याकडे मात्र बघत होता, आणि तिच्या आनंदाला एवढं बघणं पुरेसं होतं. तिने त्याला मावशींच्या भाच्याचे किस्से सांगितले, रस्ता विचारला, आईची तब्येत विचारली. तो 'हो', 'बरी आहे', एवढंच म्हणत राहिला.

तळव्याला गार लागलं तशी ती उठली. वरचं झाकण काढलं, टॉर्क पान्यावर माप लावलं, आणि मधल्या बोल्टवर जोर दिला.

टक्.

बोल्ट जागचा हलला नाही. दुसऱ्यावर लावला. टक्. तिसरा, चौथा... सगळे अगदी मापात आवळलेले. तिच्या ओठांवर हसू फुटलं. म्हणजे लबाडाने घरीच आवळलं होतं! म्हणजे तो हेडसाठी आलाच नव्हता, फक्त तिच्यासाठी आला होता!

"तू आवळलंस?"

"पंधरवडा झाला. तू शिकवलंस तसं. मधून सुरू करून बाहेर."

"मग इतका वेळ थंड व्हायची वाट कशाला बघत बसलास?"

"तेवढाच वेळ मिळाला ना... तुझ्यापाशी."

तिने मान वर केली. तो तिच्याकडे नाही, पान्याकडे बघत होता.

"माझं लग्न ठरलं गं," तो म्हणाला. "फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं."

तिने पाना बोल्टवरून काढून घेतला.

"दर वेळी तुझं एकच 'हळू चालव', म्हणून आकडे पाठवणं सोडलं. तरी पाचशे झाले तेव्हा निघालो होतो मी इकडे यायला. अर्ध्या वाटेतून फिरलो. म्हटलं, 'नाही' ऐकायला इतक्या लांब कशाला जायचं? ज्याला 'हो' म्हणायचं असतं तो काय पाचशे किलोमीटर थांबवतो? घरी गेलो, हेड आवळलं. त्याच आठवड्यात आत्याने स्थळ आणलं... आई म्हणाली, किती दिवस असा तोंड पाडून फिरणार आहेस. चांगली आहे ती. मी शब्द दिलाय."

'हो' तिच्या जिभेवर होतं. महिनाभर होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"काय सांगणार होतीस तू?" त्याने विचारलं. "आता सांगायला काय हरकत आहे?"

तिने फडका घेतला, पाना पुसला. तो मुळात स्वच्छच होता.

"हेच की... जमणार नाही. बाबांना इथून हलवायचं कसं?"

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला, आणि त्याने खोल श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्या दुःखाच्या आत कुठेतरी सुटकाही होती. लग्न ठरल्याच्या बातमीपेक्षा तिला ती सुटका जास्त लागली.

तिने झाकण बसवलं. बोल्ट हाताने लावले, मग पान्याने, सावकाश, एकही सैल राहू नये म्हणून. राग आला होता तिला, त्याचा नाही, स्वतःच्या ह्या शिस्तशीर हातांचा.

तो गाडीत चढला. नाडी आज नीट बांधलेली होती.

"रंग कुठला देणार शेडला?"

"निळा."

"छान दिसेल." त्याने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, ना धूर, ना खडखड. तो खिडकीतून वाकला. "आता तरी म्हणशील?"

"काय?"

"ते... त्या दिवशी म्हणाली नव्हतीस ते."

"झालं," ती म्हणाली.

पिकअप वळणापर्यंत गेली. बॉनेटमागे दबक्या आवाजात झालेलं बोलणं बाबांपर्यंत पोचलं नव्हतं, पण गाडी ते दारातल्या खुर्चीत मान कलती करून ऐकत होते. आवाज विरून जाईपर्यंत त्यांनी ऐकला. मग डाव्या हाताचा अंगठा वर केला, ताठ, अभिमानाने.

"चोख," ते म्हणाले. "आता... परत... यायची... नाही."

ती खोक्यापाशी बसली आणि त्यातला पहिला पाना काढून भिंतीवरच्या त्याच्या डागावर, त्याच्या खिळ्याला लावला. मग दुसरा काढला. बाबांचा अंगठा अजून वरच होता. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि मग तो हळूहळू खाली आला.