डाव्या भिंतीला घासत

हे घडलेलं आहे. पटत नसेल त्यानं नीलिमाला विचारावं. ती ट्रली या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, उगाच काहीबाही सांगणारी बाई नव्हे.

जानेवारी २०२१. ट्रलीतलं भाड्याचं घर. दुपारचे चार. बाहेर उजेड जात्यातल्या पिठासारखा बारीक उतरत होता.

नीलिमाला कोविड झालेला. सहावा दिवस. वरच्या खोलीत दार लावून ती पालथी पडली होती, श्वास बरा लागावा म्हणून.

खाली नवरा, गुरुनाथ. ऑफिसचं काम घरूनच. उरल्या वेळात छोटं लाकडी विमान करत बसायचा. जुनं इटालियन बॉम्बर. तीन इंजिनांचं, त्यातलं एक थेट नाकावर.

पंखांसाठी फळी दिली होती शेजारच्या डोनलनं. चौऱ्याऐंशी वर्षांचा, छातीनं अधू. त्याच्या वडिलांनी ती स्पेनच्या लढाईतून आणलेली. असल्याच एका पडलेल्या विमानाची.

नीलिमा खोलीत गेली त्याच दिवशी फळी घरात आली.

आणि त्याच दिवसापासून...

पॅसेजमध्ये पावलं वाजू लागली.

एक पाऊल. मग दुसरं, त्याच्याजवळ ओढलेलं. सोबत खांदा भिंतीला घासल्याचा आवाज...

जिन्याकडून येताना कायम डाव्याच भिंतीला.

म्हातारा माणूस भिंत धरून चालतो, अगदी तसं.

नीलिमाला संशय आला. गुरुनाथ डोनलला घरात घेतोय. एकट्या म्हाताऱ्याची दया येऊन, विमान दाखवायला.

तिच्या वॉर्डातून त्या महिन्यात असे किती डोनल गेले, हे तिचं तिलाच ठाऊक. आणि इथे तिचाच श्वास दाराखालून बाहेर गेला तर...

तिनं खाली फोन लावला.

"गुरू, घरात कोण आलंय?"

"लॉकडाऊन आहे, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी. येणार कोण?"

"डोनल वर येतो ना?"

"नाही गं बाई. तू पडून राहा."

उत्तर जरा चटकन आलं. हा काहीतरी लपवतोय.

"काय करतोयस?"

"विमानाचं पोट. गंमत आहे बघ. हे आधी प्रवाशांसाठी बेतलेलं, वेगवान म्हणून. मग त्यात बॉम्ब कोंबले. उभे टांगून. माणसांना पुढून मागं जायला डावीकडे एवढीशी फट. तिरकं व्हायचं, खांदा घासत..."

बाहेर एक पाऊल पडलं.

मग दुसरं. ओढलेलं...

गुरुनाथ फोनवर बोलतच होता. तिनं फोन कापला आणि थेट डोनलला लावला.

पलीकडे टीव्हीचा आवाज.

"मी? ग्रँड आहे, पोरी, एकदम मजेत. लेकीकडे, पार दुसऱ्या टोकाला, डून लेरीला. एकट्या म्हाताऱ्याला तेवढी सूट आहे. फळी तुमच्या दारात ठेवली आणि तसाच निघालो."

डोनल सुखरूप होता. तिचा जीव भांड्यात पडला.

क्षणभरच.

घासणं दारापर्यंत आलं... थांबलं.

दाराची मूठ हलली.

"आत येऊ नका," ती इंग्रजीत म्हणाली. दुसरं काही सुचेना. "मला कोविड आहे. तुम्हाला लागण होईल."



दारापलीकडे कुणीतरी धरलेला श्वास सोडला...

पावलं मागं फिरली. तशीच. तिरकी.

मग धाडधाड जिना चढत गुरुनाथ आला. दाराबाहेरूनच बोलला.

"फोन का कापलास? आणि नीलू, खोलीबाहेर फिरू नकोस ना. सहा दिवस ऐकतोय तुझं चालणं. आजारी आहेस म्हणून गप्प बसलो."



नीलिमा अजून पालथीच होती.

पुढं ती बरी झाली. फळी डोनलला परत गेली, विमान अर्धंच राहिलं. घर मात्र तेच. दुसरं मिळतंय कुठं?

ऑक्टोबरात एनिसहून त्यांचा मित्र राजस जेवायला आला. त्यानं पाहिलं... वरच्या पॅसेजमधून जाताना दोघंही अंग तिरकं करतात. डाव्या भिंतीला खांदा लावून, मूल झोपलेलं असावं तसे हळू.

पॅसेज चांगला रुंद होता.

"मध्ये काय आहे?" राजसनं विचारलं.

"काही नाही," नीलिमा म्हणाली. "तू पण कडेनंच ये."