सात पट्टे

संग्रहालयाच्या तळघरातल्या सगळ्या पाली माझ्या ताब्यात आहेत. सकाळी आलं की आधी पंखा लावायचा, मग चहा, मग बरण्यांची झाकणं घट्ट आहेत ना ते बघायचं. आतलं स्पिरिट उडालं की नमुना कडक होऊन जातो.

डाव्या कपाटातली वाळवंटी पाल माझी. म्हणजे ती जात मी शोधली. त्या एका नमुन्यावर जातीचं नाव उभं आहे आणि नावावर माझी खुर्ची. तिचं शेपूट मुळापासून तुटलेलं आहे. ते अकरा वर्षांपूर्वी मीच तोडून फेकलं, कारण त्यावर सात पट्टे होते, आणि सात पट्टे म्हणजे जुनीच जात.

ते पट्टे माझ्या आधी एका सहकारी बाईंनी मोजले होते. त्यांना आम्ही मोजणीबाई म्हणायचो. "सात आहेत," त्या बैठकीत म्हणाल्या.

"शेपूट तुटूनच आलंय. मोजलंत काय, हवा?" मी म्हणालो. सगळे हसले. महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते, पण लाजेपायी कुणी खुर्ची सोडत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. नमुना पुन्हा बघायचा होता. चोराच्या मनात चांदणं. आज त्या यायच्या आधीच मी बरणी खाली काढली.

पालीला शेपूट होतं.

जिवंत पालीला शेपूट पुन्हा फुटतं, पण त्यावर पहिल्यासारखे पट्टे उमटत नाहीत, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. मी चष्मा पुसून मोजले. सात. झाकणावरचं लाखेचं सील माझंच होतं, न फुटलेलं.

जिन्यावर पावलं वाजली. मी सील फोडलं, चिमट्यानं शेपूट तोडलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि पाल परत बरणीत सोडली.

बाई आल्या. केस पिकले होते. "बरे आहात ना?"

"आहे बरा. बसा, बाई."

त्यांनी बरणी उजेडात धरली.

"तुटूनच आलं होतं म्हणालात ना?"

तुटल्या जागेतून स्पिरिटमध्ये लाल रंगाचा बारीक धागा वर चढत होता.

"नाही," मी म्हणालो. "मी तोडलं."

"केव्हा?" बाईंनी विचारलं.

मी खिशावर हात दाबून धरला. ते अजून वळवळत होतं.