खाली ठेवलेलं दुखणं

बाजाराचा दिवस होता. अंबूबाईची वांग्यांची पाटी कराडच्या पेठेत रिकामी व्हायला उन्हं उतरली. मीठ-मिरची घेऊन घरची वाट धरायच्या आधी ती गुंडा वैद्याच्या ओट्यावर जाऊन बसली. गुंडा वैद्य म्हणजे हाडं बसवणारा म्हातारा. खुबा बैलाचा असो नाहीतर माणसाचा, त्याच्या बोटांना सारखाच कळायचा.

अंबूबाईची उजवी मांडी दुखत होती. ती कुठं पडली नव्हती, पाय लचकला नव्हता. माघातल्या एका तिन्हीसांजेला चुलीपुढं बसली असताना कळ आली. तेव्हापासून दिवे लागायची वेळ झाली की ती कळ यायची, आणि जेवणं उरकेपर्यंत आपली आपण निघून जायची.

शेजारची बनाबाई सोबत होती. वयानं आईएवढी, पण तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "तात्या, तेल नगा देऊ, बर्म्याला सांगावा धाडा. हिचा शिपाई घरला आला की मांडी बी बरी व्हईल आन कंबर बी."

वैद्य हसला. लुगड्यावरूनच त्यानं अंगठा टेकला आणि दाबला. अंबूबाईचा हात आपोआप उठला आणि वैद्याच्या मनगटावर फाडकन बसला. म्हाताऱ्याचं हसू तिथंच राहिलं.

"पयल्या लढाईतनं आलेली पोरं बघितल्यात म्या," तो हळू म्हणाला. "मांडीत लोखंड ऱ्हायलेलं असलं की अशीच हात मारायची."

"हिच्या मांडीत कुठलं आलंया लोखंड?"

"न्हाईच की. हाड चांगलं हाय, शीर चांगली हाय. दुखनं मातूर... दुसऱ्या कुणाचं हाय, पोरी."

त्यानं तेलाची बाटली हातात दिली, आणि पुन्हा काही तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

लढाई संपली, पाऊस सरला, आणि अंबूबाईचा नवरा नाथाजी पलटणीतून सुटून घरी आला. घर नदीकाठच्या गावात, दोन खण आणि पुढं पडवी. राहणारी दोघंच. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला बसला, अंबूबाई पाठीवर पाणी घालायला गेली, आणि तिनं त्याची उजवी मांडी बघितली. भरून काळी पडलेली जखम, मुठीएवढी. बॉम्बची कपची आत हाडाला चिकटून राहिली होती. काढली तर पाय जाईल म्हणून डाक्टरनं तिला हात लावला नव्हता.

तांब्या तिच्या हातातच राहिला.

"लय दुखतं व्हय?"

"दिसभर दुखतं. सांजच्याला बसलो की ऱ्हातं."

ते बसणं तिनं त्याच दिवशी बघितलं. पडवीत घोंगडं टाकून, मांडी घालून, पाठ ताठ करून तो बसला आणि डोळे मिटले. तिला वाटलं जप असेल, पण ओठ हलत नव्हते. श्वास बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि मग कळेना की आहे का नाही. एकदा तिनं चकचकीत घासलेली पितळी त्याच्या नाकाशी धरून बघितली. पितळीवर वाफ धरली नाही. चेहरा मात्र असा, की पोटभर पिऊन आईच्या मांडीवर झोपलेलं मूल.

तेवढा वेळ अंबूबाई चुलीपुढं उजवा पाय लांब करून, दातात पदर धरून भाकऱ्या थापायची. आपलंही तिथंच दुखतं हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं, आधीच लढाईतून आलेला माणूस.

एका सांजेला पीठ मळता मळता तिच्या डाव्या अंगठ्यात आग शिरली.

"इच्चू! आगं बनाक्का, इच्चू!"

बनाबाई कंदील आणि पायताण घेऊन धावत आली. लाकडं उपसली, कोनाडे बघितले, परातीखाली बघितलं. विंचू कुठं नाही. शोधत शोधत बनाबाई पडवीत गेली आणि कंदील वर धरून तशीच उभी राहिली. नाथाजीचे हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते. डाव्या अंगठ्यावर काळा इंगळी विंचू बसला होता. बघता बघता त्यानं नांगी उचलली आणि पुन्हा मारली. नाथाजीची पापणी हलली नाही.

आत चुलीपाशी अंबूबाई किंचाळली.

तो जागा झाला तेव्हा विंचू मारून टाकला होता. अंगठा सुजला होता त्याचा, आणि ठणका होता हिला. त्या रात्री अंबूबाईनं माघापासूनचं सगळं त्याला सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता. मग म्हणाला,

"तिकडं साधूला फुंगी म्हनत्यात. एका म्हाताऱ्या फुंगीच्या मठात मला टाकून पलटण म्होरं गेली. त्यो गयेला ऱ्हाऊन आल्याला, आपलं थोडं थोडं बोलायचा. मी रातंदिस बोंबलायचो. त्यो म्हनला, येनाऱ्या-जानाऱ्या श्वासाकडं बघ, दुसरं काय करू नगंस. आधी मन वासरागत दाव्याला हिसकं देतं. मग दमतं, बसतं. मग मिटल्या डोळ्यांम्होरं चांदणं पडल्यागत व्हतं. आन मग अंगात असं सुख भरतं, अंबू... मोटंचं पानी पाटानं येऊन वाफा भरतो न्हवं, कोपरा म्हून कोरडा ऱ्हात न्हाई, तसं. पुढं त्ये सुख बी गळून पडतं. पाट न्हाई, वाफा न्हाई. दुखतंया, पर दुखून घ्यायला जाग्यावर कुणी न्हाई."

"मग त्ये दुखनं जातं कुठं?"

नाथाजी आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडं बघत म्हणाला,

"फुंगीनं पयल्यांदाच इचारलं व्हतं... घरी कोन वाट बघतंया का? आसंल तर आधी ती गाठ सोड आन मग बस. न्हाईतर तू जे खाली ठेवशील, त्ये तुझं मानूस उचलंल. ज्याच्यावर लय जीव, त्यो."

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्या म्हनलं... कुणी न्हाई."

अंबूबाईनं रागवायला हवं होतं. पण तिच्या कानात एकच शब्द अडकून बसला. लय जीव. बाकीच्या बायकांना नवरे लढाईवरून येताना बांगड्या आणतात, घड्याळ आणतात. तिला हे आलं होतं. तिच्यावाचून दुसऱ्या कुणाला आलं नव्हतं.

पुन्हा बसायचं नाही अशी नाथाजीनं शपथ घेतली, आणि घरात कण्हणं सुरू झालं. तो बाजल्याची दोरी दातात धरायचा, कुडाला डोकं आपटायचा. अंबूबाईच्या मांडीत आता काही दुखत नव्हतं, पण त्याच्याकडं तिला बघवेना. शेवटी तिनंच घोंगडं झटकून पडवीत अंथरलं.

"बसा," ती म्हणाली.

नको असं त्यानं एकदाही म्हटलं नाही.

वर्षानं मुलगी झाली. नाव ठेवलं विजयमाला. नाथाजी तिला खांद्यावर घेऊन गावभर लंगडत फिरायचा, तिच्या जावळात नाक खुपसून बसायचा. बायका हसायच्या, एवढं काय पोरीचं कौतुक. अंबूबाईही हसायची. सांज झाली की पाय लांब करून, पदर दातात धरून ती आपलं काम करत राहायची. सवय झाली होती तिला.

अशीच एक सांज आली आणि कळ आली नाही. ती वाट बघत थांबली. मांडी दाबून बघितली, उठून उभी राहिली. काही नाही. पोर पाळण्यात झोपली होती, पडवीतलं घोंगडं अजून रिकामं होतं. नवऱ्यानं बसणं सोडलं असेल, देव पावला असेल, काय वाटेल ते तिला वाटलं. हंडा घेऊन ती पोरीसारखी नदीवर गेली, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन गुणगुणत चढण चढली, आणि दाराशी आल्यावर तिला पाळण्यातलं रडणं ऐकू आलं.

भुकेचं रडणं नव्हतं ते. मूल काळंनिळं पडलं होतं. उजवा पाय पोटाशी आवळून धरला होता आणि हात लावू देत नव्हतं.

पडवीत नाथाजी बसला होता. चेहरा तोच, पोटभर प्यायलेला.

तिनं त्याला गदागदा हलवलं. हंडाभर पाणी डोक्यावर ओतलं. हाका मारल्या. माणूस तिथं असेल तर ऐकेल. तेव्हा तिनं खुंटीचा ऊसतोडीचा कोयता काढला आणि दोन्ही हातांनी त्याच्या मानेवर उचलला. हात वर गेला आणि वरच थांबला. आत पाळण्यात मूल हुंदके देत होतं. हा घाव इथं बसला, तर उतरेल कुणाच्या मानेवर?

झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा तिनं कोयता जमिनीवर ठेवला.

तो जागा झाला, ऐकलं, आणि लेकीच्या पायावर डोकं ठेवून रडला. शपथा घेतल्या. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गाईची धार काढायला बसला आणि कासेला हात तसाच ठेवून डोळे मिटले. आत मूल किंचाळायला लागलं.

"आता मी बसत न्हाई, अंबू," नंतर तो म्हणाला. "आपसूक बसलं जातं."

"माहेरी जा पोरीला घेऊन, तासगावला," बनाबाई म्हणाली. "लांब गेल्यावर लागायचं न्हाई."

"बर्म्याहून हितवर आलं, बनाक्का. त्याला तासगाव कितीसं लांब?"

रात्रभर ती पोरीचा पाय चोळत बसली. सकाळपर्यंत तिला कळलं होतं की आता एकच गाठ सोडवायची राहिली आहे, आणि ती तिलाच सोडवावी लागणार.

दुपारी नाथाजी जांभळीखाली लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. अंबूबाई समोर जाऊन उभी राहिली.

"आवं... ती पोरगी तुमची न्हाई."

त्यानं वर बघितलं.

"गुऱ्हाळावर गुळव्या आला व्हता बघा, सांगलीकडचा. त्याची हाय."

खोटं बोलून जिभेवर पाप घेतलं होतं तिनं. आता तो मारेल, केस धरून गावात ओढत नेईल, त्याची तयारी करून ती आली होती. तो ओरडलासुद्धा नाही. पोरीकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं. मग बाजारातून आलेला माणूस डोक्यावरचं ओझं उतरवतो तशी त्यानं पोर मांडीवरून उचलली, मातीत ठेवली आणि उठून गेला.

दिवे लागले. तो पडवीत बसला. अंबूबाई आत पोरीचा उजवा पाय मुठीत धरून बसली. श्वास बारीक झाला, आणखी बारीक झाला, नाहीसा झाला. पोर शांत झोपली होती. पाय मऊ होता, ऊन होता. अंबूबाईनं देवाला हात जोडले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तिच्या स्वतःच्या मांडीतही काही दुखत नाही. ते तिच्याकडं परत आलं नव्हतं. त्याचं तिला एवढं रडू का यावं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तेवढ्यात नदीपलीकडून आवाज आला. लांबट, चिरका... बाईमाणसाचा.

बनाबाई अंगणात येऊन उभी होती. "ऐकलंस?"

"कोल्हं आसंल."

"कोल्हं न्हाई गं. रंगू हाय ती."

"कोन रंगू?"

"तुझी सासू. नाथाजी रांगत व्हता तवा पलेगात गेली. पल्याडच्या काठाला जाळली तिला. नाथाजीच्या येळला अडली व्हती, अशीच वरडत व्हती. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं, पोरी... त्यो आवाज मी इसरंन व्हय?"

त्यानंतर रोज सांजेला तो आवाज यायचा. गावातली माणसं म्हणायची, कुठलं तरी पाखरू असेल. अंबूबाई दार लावून घ्यायची. नाथाजी तिच्याशी बोलत नव्हता, पोरीकडं बघत नव्हता. जेवायचा आणि बसायचा. पोर मात्र बाळसं धरत होती. एकदा दिवसाउजेडी अंबूबाई नदीवर गेली आणि पलीकडच्या काळ्या दगडांकडं बघून तिनं पदर पसरला.

"आत्याबाई, माझ्या लेकरापायी एवढं सोसा. तुमी तर सुटलेल्या... तुमाला काय व्हनार हाय?"

पलीकडं वाऱ्यानं लव्हाळं हललं, एवढंच.

पुढं दिवाळीच्या सुमाराला नदीचं पाणी उतरलं. त्या सांजेला नाथाजी नेहमीसारखा बसला, अंबूबाईनं पोरीचा पाय मुठीत घेतला आणि कान देऊन वाट बघत राहिली. बराच वेळ काही नाही. मग आवाज आला.

तो अलीकडच्या काठावरून आला.