तापलेली तबकडी

"ताई, तुम्ही गाडीत पापड वाळत घातला होता का?" खटपट्याने विचारलं.

खटपट्या म्हणजे मिहिकाच्या घरचा यंत्रमानव. चिमट्यासारख्या हातात काहीतरी काळं, गोल, लाटांसारखं वरखाली झालेलं धरून तो दारात उभा होता. मिहिकाने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

तो पापड नव्हता. ती तबकडी होती!

साल २०६३. मे महिना. अकोल्यात पारा सत्तेचाळीसवर. त्या बुधवारी सकाळी मिहिका आणि तिचे बाबा खामगावला जाऊन एका भंगारवाल्याकडून ही तबकडी (जुन्या काळी गाणी आणि आवाज साठवायची प्लास्टिकची पातळ चकती) घेऊन आले होते. तिच्यावर मिहिकाच्या पणजोबांचा, पुंडलिकराव ताथोडांचा आवाज होता. पुंडलिकराव नकलाकार होते. बोकड, स्कूटर, चिडलेले हेडमास्तर, सगळ्यांची हुबेहूब नक्कल करायचे. आयुष्यात त्यांची एकच तबकडी निघाली आणि त्यानंतर वर्षभरातच ते वारले. त्यांची मुलगी तेव्हा एक वर्षाची होती.

ती मुलगी म्हणजे बाबांची आत्या, कल्पनाआजी. रविवारी तिला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि वडिलांचा आवाज तिला मुळीच आठवत नव्हता. कारण घरातली तबकडी केव्हाच हरवली होती.

"आधी ती घरात ने," बाबांनी गाडीतून उतरताना बजावलं होतं. पण समोर कुल्फीवाला दिसला, आणि तबकडी पुढच्या काचेखाली उन्हात दीड तास पडून राहिली.

बाबांनी दुरुस्त करून ठेवलेल्या, तबकड्या वाजवायच्या जुन्या यंत्रावर मिहिकाने ती घाबरत घाबरत लावली. सुई टेकडी चढली, दरीत कोसळली, पुन्हा चढली. आवाज आला, "नऽऽमूऊऊऽस्काऽऊऊर!"

"पणजोबा म्हशीची नक्कल फार छान करतात," खटपट्या म्हणाला.

"अरे, ते नमस्कार म्हणतायत!" मिहिका रडवेली झाली.

"मग इस्त्री करू या. चुरगळलेला शर्ट सरळ होतो, तर ही का नाही होणार?"

क्षणभर तिलाही ते पटलं. मग तिला आठवलं, मागच्या वर्षी याच खटपट्याने रेनकोटला इस्त्री केली होती. अर्धा रेनकोट अजून इस्त्रीलाच चिकटलेला होता.

नाही, हे काम जाणकाराचंच. गावात प्लास्टिकची सगळ्यात मोठी जाणकार एकच होती. पस्तीस वर्षं प्लास्टिकवर संशोधन करून निवृत्त झालेली डॉक्टर कल्पना ताथोड. म्हणजे कल्पनाआजीच!

पिशवी पाठीमागे लपवून मिहिका आजीच्या घरी गेली. खटपट्या मागोमाग आलाच.

"आजी, समजा, माझ्या एका मैत्रिणीची तबकडी उन्हाने वाकडी झाली, तर?"

"मैत्रिणीचं नाव काय?" आजीने चष्म्यावरून पाहत विचारलं.

"खट... खटपट्या," मिहिकाच्या तोंडून निघून गेलं.

"चुकीची माहिती," खटपट्या नम्रपणे म्हणाला. "तबकडी माझी नाही. ती आजींच्या वाढदिवसाची गुप्त भेट आहे. गुप्त असल्यामुळे मी कोणालाही सांगणार नाही."

मिहिकाने डोळे मिटून घेतले आणि पिशवी पुढे केली. आजीने तबकडी बाहेर काढली, मधल्या कागदावरचं नाव वाचलं आणि खुर्चीत बसली. 

"मी मुद्दाम नाही केलं गं," मिहिका हुंदका आवरत म्हणाली.

"माहीत आहे मला. ये, बस इथे. आधी सांग, ही वाकडी झालीच कशी? ठेवली तेव्हा तर सपाट होती."

"ऊन लागलं म्हणून."

"म्हणजे नेमकं काय झालं?" आजीने डब्यातून मूठभर कोरड्या शेवया काढल्या. "वाकव."

शेवया कटकन मोडल्या. मग आजीने थोड्या शेवया गरम पाण्यात टाकल्या. पाच मिनिटांत त्या लुळ्या पडल्या आणि एकमेकींवरून घसरू लागल्या.

"प्लास्टिकच्या आत अशाच लांबच लांब साखळ्या असतात. रेणूंच्या (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांच्या) साखळ्या. गार असताना त्या एकमेकींत घट्ट अडकून बसतात. उष्णता मिळाली की त्या हलायला लागतात. तबकडी साठ अंशांच्या पुढे गेली की मऊ पडू लागते. त्याला म्हणायचं मृदुबिंदू (ज्या तापमानाला घट्ट पदार्थ मऊ पडू लागतो, ते तापमान)."

"पण पारा तर सत्तेचाळीसवर होता."

"सावलीत! बंद गाडीत काचेतून ऊन आत येतं, आतली हवा तापते आणि तिला बाहेर जायला वाट नसते. काचेखाली सहज सत्तर अंश होतात. तिथे साखळ्या घसरल्या, तबकडीला जिथे आधार नव्हता तिथे ती खाली झुकली. मग तुम्ही तिला घरात आणलं, ती गार झाली आणि साखळ्या होत्या तिथेच अडकल्या."

मिहिका विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "म्हणजे... पुन्हा तेवढंच तापवलं, पण या वेळी सपाट दाबून धरलं, आणि मग गार केलं, तर?"

आजी हसली. "मला सांगायला काही ठेवलंच नाहीस की!"

"शंभर अंश द्या, लवकर होईल," खटपट्या म्हणाला.

आजीने अगरबत्तीच्या जाहिरातीची एक जुनी, टाकाऊ तबकडी आपल्या प्रयोगाच्या भट्टीत ठेवून शंभरवर तापवली. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा तिची वाटी झाली होती. आवाज ज्या खाचांत साठवलेला असतो, त्या केसाहून बारीक खाचा जागोजागी पुसल्या गेल्या होत्या.

"खाच गेली की आवाज गेला. कायमचा," आजी म्हणाली.

मिहिकाला धडकीच भरली. "आजी, नकोच मग! अशीच राहू दे."

आजीने तबकडीवरून हळूच बोट फिरवलं. "पंचाहत्तर वर्षं थांबलेय मी. हा आवाज नुसता पेटीत ठेवून काय करू? करू या आपण."

आधी त्यांनी मऊ फडक्याने धूळ पुसली, नाहीतर दाबताना ती खाचांत रुतली असती. मग दोन जाड, सपाट काचांच्या मधे तबकडी ठेवून भट्टी पंचावन्न अंशांवर, मृदुबिंदूच्या जरा खालीच लावली; म्हणजे खाचा शाबूत राहतील आणि काचेच्या वजनाने साखळ्या हळूहळू सरकतील. चार तास! खटपट्याला स्टुलावर बसवून भट्टीला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद दिली. तो दर मिनिटाला "पंचावन्न" असं ओरडत राहिला. दोनशे चाळीस वेळा.

"आता काढू?" मिहिकाने विचारलं.

"बंद कर फक्त. आतल्या आत हळूहळू गार होऊ दे. घाईने गार केलं तर ताण आतच राहतो आणि ती पुन्हा वाकते."

गुरुवारी सकाळी पाहिलं तर तबकडी निम्मीच सरळ झाली होती. मिहिकाचा चेहरा पडला. आजीने मात्र वहीत आकडा लिहिला आणि भट्टी अठ्ठावन्नवर नेली. पुन्हा चार तास, पुन्हा धीर.

शुक्रवारी तबकडी काचेवर ठेवली. कडेला एक अगदी बारीक लाट उरली होती, बाकी सपाट.

रविवारी सगळे जमले. सुई टेकली. थोडी खरखर झाली आणि मग स्वच्छ आवाज आला, "नमस्कार मंडळी!" बोकड झाला, स्कूटर झाली, हेडमास्तर झाले. सगळे पोट धरून हसत होते. मग पुंडलिकराव म्हणाले, "आता शेवटची, अगदी ताजी नक्कल. कालच आमच्या घरी एक पाहुणी आली. कल्पना तिचं नाव. ती रात्रभर अशी रडत होती..."

आणि खोलीभर एक तान्हं बाळ जिवाच्या आकांताने रडू लागलं.

आजी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "इतकं भसाडं रडत होते मी?" ती म्हणाली. "पुन्हा लाव गं."

त्यांनी ती सहा वेळा ऐकली. मग आजीने तबकडी पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून कपाटात पुस्तकासारखी अगदी उभी ठेवली. आडव्या ठेवून एकीवर एक रचल्या तर वजनाने खालच्या बिघडतात, तिरप्या टेकवल्या तर हळूहळू वाकतात, असं ती सांगत होती. खिडकीचं ऊन कुठवर येतं ते पाहून तिने कपाटही वीतभर सरकवलं.

"आजी, आपल्या वाचनालयाच्या माळ्यावर अशा तबकड्यांची चळत आहे," मिहिका म्हणाली. "पत्र्याखाली. मी पाहिलीय."

आजी ताडकन उभी राहिली. "पत्र्याखाली? मे महिन्यात? आणि तू आत्ता सांगतेस!"

केक तसाच ठेवून ती चपला शोधायला लागली.