वरच्या ओळीतलं नाव

काकूंना खालून तिसऱ्या ओळीतलं एकही अक्षर वाचता येईना, आणि त्यांचा मुलगा खुर्चीमागे उभा राहून नुसत्या ओठांनी उत्तरं पुरवत होता.

"अहो, तुम्ही बाहेर थांबा," मी म्हटलं. "परीक्षा त्यांची आहे."

"कॉपी करू देत नाही ही," काकू म्हणाल्या. "चांगली आहे."

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम मी सहा वर्षं करतेय. काकूंचा नंबर वाढला नव्हता, मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिता लिहिता मी विचारलं, "जास्त त्रास कधी होतो? पेपर वाचताना?"

"पेपरात काय ठेवलंय. टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत."

"मालिकांची?"

काकूंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे.

"गेमची," तो म्हणाला. "जुना जपानी व्हिडिओ गेम आहे. चार जणांची टोळी, राजवाडा, राक्षस... खूप वाचावं लागतं त्यात. बाबा गेल्यावर आई घरी एकटी असायची, म्हणून माझं लहानपणचं मशीन जोडून दिलं."

काउंटरवरची मुलगी फिस्सकन हसली. त्याचे कान लाल झाले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं – आता हीसुद्धा हसणार, अशा नजरेने.

"मी खेळलेय तो," मी म्हणाले.

मी आयुष्यात कुठलाच गेम खेळले नव्हते. फोनवरचा पत्त्यांचासुद्धा नाही.

"पूर्ण?" त्याने विचारलं.

"पूर्ण."

काकू खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "शेवट सांगू नकोस हं. मी शेवटच्या दरवाज्यापाशी थांबलेय. चार वर्षं झाली."

"का हो?"

"आत गेलं की संपतं ना."

पुढचा तासभर काकू बोलत होत्या आणि मी मान डोलवत होते. कुठलंसं बर्फाचं गाव, कुणी दगा देणारा सेनापती... जाताना त्याने हळूच विचारलं, "शेवटी तुम्हालाही रडू आलं होतं?"

"आता काय सांगायचं..." मी म्हटलं. त्या दिवसातलं माझं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

त्यानंतर तो आठवड्यात तीनदा आला. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दहा-दहा मजल्यांचे दोर ताणून बसवणाऱ्या माणसाला मोहरीएवढा स्क्रू पिळता येत नव्हता, यावर आमच्या दुकानात कुणाचाच विश्वास नव्हता. दांडी सैल नव्हतीच. मी तरी दर वेळी पिळून द्यायचे.

"डॉक्टर, आता घट्ट बसलीय."

"मी डॉक्टर नाही."

"डोळे तुम्हीच तपासलेत."

"तुमच्या आईचे."

"माझे राहिलेत," तो म्हणाला, आणि स्वतःच गोंधळून दाराकडे वळला.

काकूंचं ऑपरेशन झालं. महिनाभर टीव्हीसमोर बसायचं नाही, अशी ताकीद मिळाली. दुसऱ्याच दिवशी तो एक पिशवी घेऊन दुकानात आला. आत मशीन होतं, वायरींचं भेंडोळं होतं आणि कॅसेट होती.

"आई म्हणाली, पडून राहिलं तर बिघडेल. तिला दे, पुन्हा एकदा खेळेल. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, मी काय शिकवणार..."

नाही म्हणायची ती वेळ होती. मी पिशवी घेतली.

रविवारी सकाळी मी ते आमच्या टीव्हीला जोडलं. बाबा पेपर घेऊन सोफ्यावर बसले होते. काळ्या पडद्यावर आधी एकच सूर वाजला, घंटेसारखा, आणि मग बोटाच्या पेराएवढी माणसं असलेलं गाव उजाडलं. नायकाला नाव द्यायचं होतं. सहा अक्षरं मावत होती. काकू दुकानात मुलाला 'ढब्बू' म्हणत होत्या. ढब्बू म्हणावं असं त्याच्यात आता काही उरलं नव्हतं... पण ती इंग्रजी अक्षरं बरोबर सहा होती. मी बाबांकडे पाठ करून ती भरली.

गावाबाहेर पाऊल टाकलं आणि एका जेलीच्या गोळ्याने मला मारलं. पुन्हा गेले, पुन्हा मेले.

"त्याला डोळेसुद्धा नाहीत," बाबा पेपराआडून म्हणाले, "आणि तू त्याच्याकडून हरतेस?"

तिसऱ्या खेपेला मी जिंकले आणि हातातला कंट्रोलर घामेजला होता. गावातली म्हातारी माणसं सारखी काहीतरी विचारायची. नाही म्हटलं की तोच प्रश्न पुन्हा. तेव्हा मी शिकले – हो म्हणावं आणि सुटावं. दुपारी विहिरीपाशी एक म्हातारा भेटला. त्याने इथवरचा खेळ सेव्ह करून ठेवायचा का विचारलं. हो. तीन ओळी आल्या, मी वरची निवडली. त्याने आणखी काहीतरी विचारलं. हो. हो.

बुधवारी तो दुकानात आला. मी एका नव्या फ्रेमला काच बसवत होते.

"कुठवर आलात?"

"गावाबाहेर. जेली फार त्रास देते."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. "आईचा सेव्ह वरच्या ओळीत आहे. दीडशे तासांच्या वर. तुमचा कितव्या ओळीत?"

हातातली काच टक् करून तडकली.

"तिसऱ्या," मी म्हणाले.

घरी जाऊन मी मशीन लावलं. तीन ओळी. वरच्या ओळीत ढब्बू, दोन तास अकरा मिनिटं. खालच्या दोन्ही रिकाम्या. काकूंचे दीडशे तास पुसायला मीच 'हो' म्हटलं होतं. कुणाच्या तरी घरात शिरून कपाट रिकामं करावं, आणि घरमालकाने 'जेवून जा' म्हणावं, तसं वाटत होतं.

सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी हिशेब केला – काकूंच्या मनाईचे अजून तीन आठवडे उरलेत. तेवढ्यात त्या दरवाज्यापर्यंत पोचायचं. म्हणजे एका खोट्यावर दुसरं रचायचं, पण मनापासून. मी कामाआधी पहाटे खेळू लागले. जेवणाच्या सुट्टीत कागदावर नकाशे काढू लागले. आणि मधेच कुठेतरी... मला तो गेम आवडायला लागला. टोळीत औषधं देणारी एक मुलगी आली, तिला मी 'डॉक्टर' नाव दिलं. तीही बरोबर सहा अक्षरं. ढब्बू पुढे चालायचा, डॉक्टर एक पाऊल मागे. बर्फाच्या गावात दोघं एका दिव्याखाली थांबले, आणि मी बटण न दाबता नुसती बघत बसले.

अडले की त्याला फोन करायचे, आडवळणाने.

"तो बुडालेला मनोरा... पहिल्यांदा तुम्हाला कसा सुटला होता?"

"तुम्हाला कसा सुटला?"

"मी आधी विचारलं."

"पाण्याची कळ खालच्या मजल्यावर असते. मी दोन महिने वरच शोधत होतो," तो म्हणाला. "आणि आता लिफ्टवाला झालो. पण डॉक्टर, तुम्ही असं बोलता ना, जणू पहिल्यांदाच बघताय सगळं. छान वाटतं ऐकायला."

फोन ठेवल्यावर मी आरशात पाहू शकले नाही.

तीन आठवड्यांत माझे एकतीस तास झाले. दरवाजा कुठे आहे हेसुद्धा कळलं नव्हतं. काकूंची मनाई उठली त्या रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्वच्छ डोळ्यांनी पाहिला. "तीळ आहे होय तुला हनुवटीवर. मला दिसलाच नव्हता."

तो आतून तीन कप चहा घेऊन आला. मी बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं, पाठ केल्यासारखं – की मी कधीच खेळले नव्हते, की मला काही येत नव्हतं म्हणून वरची ओळ पुसली गेली, की तिसरी म्हणाले तेही खोटं होतं.

काकूंनी मशीन जोडायला सांगितलं. त्याने जोडलं. घंटेचा सूर वाजला आणि वरच्या ओळीत पांढऱ्या अक्षरांत नावं आली. ढब्बू. त्याच्या शेजारी डॉक्टर.

हे मी विसरूनच गेले होते. त्या नावांसकट मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून गॅलरीत गेला.

"दीडशे तासांचं काही नाही गं," काकू सावकाश म्हणाल्या. "मला काय, वेळच वेळ आहे. पण त्या दिवशी मी तुझ्याशी तासभर बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाशी तरी त्याबद्दल बोलले. आणि तुला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं."

"हो, काकू."

"ते लागलं मला."

मी निघाले. तो फाटकापर्यंत आला, चार हात अंतर ठेवून.

"आईने नायकाला बाबांचं नाव दिलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. पण विचारलं असतंत, तर मी सगळं सांगितलं असतं. खेळता येत नाही म्हणाला असतात, तर रोज येऊन शिकवलं असतं."

सबंध रस्ताभर मी मान वर केली नाही.

तीन दिवसांनी काकूंचा फोन आला. "पोरी, त्या बुडालेल्या मनोऱ्यात पुन्हा यावं लागलं, मागच्या वेळी बाहेर कशी पडलीस? मी तुझाच सेव्ह पुढे नेतेय, आणि इथे अडलेय."

"कळ खालच्या मजल्यावर आहे, काकू."

"असं फोनवर नको. रविवारी ये."

मी गेले. तो घरात होता, माझ्याशी बोलला नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेला. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पुन्हा तेच. लाज वाटायची, चप्पल काढतानासुद्धा वाटायची. पण काकू बाजूला पाट सरकवायच्या, कंट्रोलर माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू मार, मी वाचते. आता मला सगळं दिसतं."

"काकू, तुमच्या जुन्या सेव्हचं..."

"नाव माझ्या लक्षात आहे. कॅसेटमध्ये नसलं म्हणून काय झालं? बघ, डावीकडून येतोय तो."

चौथ्या रविवारी एका दोन डोक्यांच्या सापाने आमची पूर्ण टोळी सलग पाच वेळा मारली. काकू कंबर धरून उठल्या आणि पडायला आत गेल्या. मी एकटीच पडद्यासमोर बसून होते. मागे पावलं वाजली.

"त्याला विजेची जादू लागते," तो म्हणाला.

"माझ्याकडे नाही."

"डॉक्टरकडे आहे. तुम्ही तिला नुसती औषधं द्यायला लावताय."

तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला, कंट्रोलरकडे हात न नेता. मी वीज पाडली. साप हलला. पुन्हा पाडली. ढब्बू मेला, डॉक्टर एकटी उरली, आणि शेवटी तिनेच साप पाडला. आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

"किती तास झाले?" त्याने विचारलं.

"चव्वेचाळीस. हे खरं आहे."

"माहितेय. पडद्यावर लिहिलंय." त्याने पाय पसरले. "मला राग सेव्हचा नव्हता. म्हणजे, होता... पण मोठा राग वेगळा होता. मला वाटलं होतं, हे ज्याला कळतं असं माणूस मला सापडलं. घरी येऊन आईला दहा वेळा सांगितलं मी. एवढा मूर्ख."

"मूर्ख मी."

"का खोटं बोललात पण? आम्ही दोघं अनोळखी, पुन्हा भेटलोही नसतो."

स्वतःला मी आजवर सांगत आले होते, की काउंटरवरची मुलगी हसली, काकूंना वाईट वाटू नये म्हणून बोलले. तेच त्याला सांगता आलं असतं. चांगलं उत्तर होतं.

"तुमचे कान लाल झाले होते," मी म्हणाले. "आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, मी हसले नाही एवढंच पुरणार नाही... तुम्ही निघून जाल. म्हणून."

पडद्यावर ती एकटी उरलेली मुलगी ढब्बूला उठवायची वाट बघत उभी होती. मी बटण दाबलं. ढब्बू उठला.

"उद्या दुकान किती वाजता बंद होतं?" त्याने विचारलं.

"सातला."

"मी येऊ? तुला न्यायला." पहिल्यांदाच त्याने अहो-जाहो सोडलं होतं, आणि ते कळून त्याचे कान पुन्हा तसेच झाले होते.

"ये," मी म्हणाले. माझा चेहरा तापला होता, केसांच्या मुळांपर्यंत. पण मी मान खाली घातली नाही, त्याच्याकडेच बघत राहिले.