परसात पुरलेली काशाची वाटी

गोविंदा, कंदील बारीक कर, तेल फुकट येत नाही. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नव्हे. हरिहर मास्तर इथे ठाण्याला माझ्याच वर्गात होता, आता कल्याणच्या शाळेत शिकवतो. गेल्या साली, म्हणजे सन अठराशे अठ्ठ्याण्णवात, कार्तिक वद्य त्रयोदशीला हे घडलं.

त्या संध्याकाळी तो मारुती कासाराकडे गेला होता, एक काशाची वाटी घेऊन. त्याची बायको मंदाकिनी रोज रात्री तूप लावून त्या वाटीनं त्याचे तळवे काळे पडेपर्यंत घाशी, तेव्हा कुठे ह्या गृहस्थाला झोप लागे. प्लेगात ती गेली. आणि ह्यानं भीतीपोटी तिचं सगळं सामान त्याच दिवशी परसात पुरलं. मी त्याला दोष देत नाही. तेव्हा सगळ्यांचीच गाळण उडालेली. पण तेव्हापासून दीड वर्ष त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी वाटी उकरून काढली, तर ती हिरवीगार, कळंकानं फुगलेली.

मारुती म्हणाला, "मास्तर, ह्यात कासं किती नि कळंक किती, कोन सांगनार? घासाया घेतली नि फुटली, तर तुमी मलाच बोल लावाल. आत काय हाय ते कळू द्या, मंग आना."

आत पाहायचं यंत्र हरिहरकडे होतं! मुंबईच्या एका डॉक्टरानं शाळेत दाखवायला दिलेलं. काचेचा फुगा, बॅटऱ्या, आणि हाताची हाडं दाखवणारा तो नवा किरण. वस्तूखाली काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच ठेवायची. धातू शाबूत असेल तिथे किरण अडतो, काच कोरी राहते. कळंकानं खाल्लेला असेल तिथे करडं उमटतं, आणि काहीच नसेल तिथे ठार काळं.

रात्री दहाला त्यानं स्वतःच्या हातानं काचेवर वाटी ठेवली, दाराला कडी घातली, यंत्र सुरू केलं. तासभर थांबायचं होतं. यंत्र चरचरत होतं. दिवसभर शाळा करून हा पार दमलेला. चटईवर पाय पसरून पडला.

त्या चरचरीत आणखी एक आवाज होता. कधीपासून, ते त्याला कळेना.

मग बॅटऱ्या उतरल्या. यंत्र थांबलं.

तो दुसरा आवाज थांबला नाही.

हलका. सावकाश. घास... घास... पायांकडून.

त्यानं डोळे उघडले नाहीत. हाक मारावी... पण दीड वर्षांत ते नाव त्यानं उच्चारलंच नव्हतं...

आणि त्याला झोप लागली.

जाग आली ती उन्हं वर आल्यावर. कडी तशीच. वाटी काचेवर, ठेवली होती तिथेच. त्यानं अंधाऱ्या कोठीत, तांबड्या कंदिलाच्या उजेडात, काच फोटो उमटवायच्या मसाल्यात धुतली. सगळी काळी. वाटीची सावलीसुद्धा नाही. म्हणजे यंत्र चाललं तेवढा वेळ काचेवर वाटी नव्हतीच.

काच हातात घेऊन तो चटईवर पाय पसरून बसला, तेवढ्यात केर काढायला गोदूबाई आली. "अगं बाई! मास्तर, तळवं कशानं काळं केलंत?"

हरिहरनं तळवे वळवून पाहिले. काळेकुट्ट, आणि तुपकट. मंदाकिनी गेल्यापासून त्या घरात तूप कढलं नव्हतं.

गोदूबाईनं पाय धुवायला पाणी आणलं. हा म्हणाला, "राहू दे."

चार दिवसांनी मी कल्याणला गेलो. दाराबाहेर पाऊल टाकलं तरी पाय धुणारा हा माणूस. त्याचे तळवे तसेच काळे होते.